आधी चिकटवा, मग कापा: डबल साइड गम शीटची पहिली कामे

डबल साइड टेपची पट्टी कागदामागे लावणे कुणालाही जमते. आकार चौकोनी नसला की मात्र पंचाईत होते. कुयरी, पिंपळपान, कंदिलाची करंजी, नावाची अक्षरे यांच्या मागे पट्ट्यांचे तुकडे जोडत बसले तर कुठे फट राहते, कुठे टेप कडेबाहेर येते. त्या बाहेर आलेल्या चिकट कडेवर महिन्याभरात धूळ बसते आणि सुंदर कामाला काळी किनार दिसू लागते. पांढरा गोंद वापरला तर पातळ कागद त्यातले पाणी पितो, फुगतो आणि वाळताना ओढला जातो. अशा कामांना अखंड गम शीट हवी. दोन्ही बाजूंनी चिकट, पूर्ण ए४ आकाराची, पाण्याचा थेंब नसलेली.

ही शीट कापण्याचा सगळ्यात महत्त्वाचा नियम सुरुवातीलाच सांगते, कारण बाकीची निम्मी कटकट त्याने संपते. बहुतेक नवी माणसे आधी रंगीत कागदाची कुयरी कापतात, मग ती गम शीटवर ठेवून तिच्याभोवती पेन्सिल फिरवतात आणि तशीच दुसरी कुयरी गमची कापतात. हाताने कापलेले दोन आकार एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत, केसाएवढा तरी फरक पडतोच. म्हणून क्रम उलटा करायचा. गम शीट आधी अख्ख्या कागदाच्या किंवा कापडाच्या पाठीला चिकटवायची, आणि नंतर दोन्ही एकत्र कापायची. आधी चिकटवा, मग कापा. असे केले की गम बरोबर कडेपर्यंत पोचतो, एक केसही बाहेर येत नाही.

शीट विकत घेताना

गम शीटला दोन्ही बाजूंनी गुळगुळीत कागद असतो. त्याला लायनर म्हणतात. त्याच्या आतल्या बाजूला सिलिकॉनचा पातळ थर असतो, म्हणून गम त्याला धरून राहतो पण सुटतोही. दोन लायनरच्या मध्ये गमचे दोन थर आणि बहुधा त्यांच्यामध्ये टिश्यूसारखा अगदी पातळ कागद असतो. हा मधला कागद आहे की नाही हे बघूनच शीट निवडावी. तो असला तर गम ताणला जात नाही, पाते स्वच्छ फिरते. तो नसला तर पात्याबरोबर गमचे तंतू ओढले जातात. दुकानात एक कोपरा सोलून गमचा लहानसा तुकडा बोटांनी ताणून बघा. कागदासारखा फाटला तर टिश्यूची शीट, दोऱ्यासारखा लांबत गेला तर बिनकागदाची.

बिनकागदाची शीट वाईट असते असे मुळीच नाही. थ्रीएम कंपनीची ४६७एमपी ही ०.०५ मिलिमीटर आणि ४६८एमपी ही ०.१३ मिलिमीटर जाडीची शीट याच प्रकारातली. धातूच्या आणि अ‍ॅक्रिलिकच्या नामफलकांना ती लावतात आणि तिची पकड फार चांगली असते. पण ती हात बसल्यावर घ्यावी. पहिल्या कामांसाठी टिश्यूवाली, साधारण ०.१ मिलिमीटरची शीट पुरे. फोमवाली, एक-दोन मिलिमीटर जाडीची, वेगळ्या कामाची आहे. तिच्याकडे नंतर येते.

गम रबराचा आहे की अ‍ॅक्रिलिकचा, हेही वेष्टनावर वाचावे. रबराचा गम लावताक्षणी घट्ट धरतो, पण उन्हात मऊ पडतो आणि वर्षा-दोन वर्षांत पिवळा होऊ शकतो. अ‍ॅक्रिलिकचा गम सुरुवातीला जरा ढिला वाटतो, पण तासागणिक पकड वाढवत जातो आणि जास्त टिकतो. भेटकार्ड, रुखवताचे काम, भिंतीवर वर्षभर राहणारी पाटी यांना अ‍ॅक्रिलिकच घ्या.

मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर आणि पुण्यात बोहरी आळीत किंवा अप्पा बळवंत चौकाच्या आसपास हे सामान मिळते. फोटो अल्बम बांधणाऱ्यांना माल पुरवणाऱ्या दुकानात ‘डबल साइड गमिंग शीट’ म्हणून मागितले तर लगेच समजते. घेताना शीटच्या कडेवरून बोट फिरवा. कड चिकट लागली तर तो माल उन्हात किंवा गरम गोदामात पडून राहिलेला आहे, तो घेऊ नका.

हत्यारे

नऊ मिलिमीटरचे कटर आणि त्यात शक्यतो तीस अंशाचे, म्हणजे जास्त टोकदार पाते. मोडून नवे टोक काढायची ही पाती जपानच्या योशिओ ओकादा यांनी १९५६ साली काढली, आणि गमच्या कामाला त्यांच्याइतकी उपयोगी गोष्ट दुसरी नाही. बोथट पात्याने गम कापला जात नाही, नुसता चेपला जातो. तेव्हा टोक मोडण्यात कंजुषी नको. ए४ची एक शीट पूर्ण कापेपर्यंत एकदोनदा नवे टोक काढावे लागते, हे धरूनच चाला. मोडलेली टोके झाकणाच्या रिकाम्या डबीत साठवा, केरात मोकळी टाकू नका. केर उचलणाऱ्याच्या हाताला ती लागतात.

बारीक वळणांसाठी पेन कटर चालते. मी मात्र सर्जिकल सामानाच्या दुकानातले तीन नंबरचे हँडल आणि त्यावर बसणारे अकरा नंबरचे ब्लेड सुचवते. स्वस्त असते, एकेक ब्लेड वेगळ्या पाकिटात येते आणि धार अप्रतिम. त्याचे टोक पातळ असल्यामुळे आडवा जोर दिला की तुटते, म्हणून ते फक्त खाली आणि स्वतःकडे ओढायचे, पिळायचे नाही. ब्लेड बसवताना-काढताना पकड वापरा, बोटे नव्हे.

बाकी: स्टीलची पट्टी (प्लास्टिकच्या पट्टीची कड पाते सोलून काढते), कटिंग मॅट, चिमटा, टाचणी, मास्किंग टेप, जुने एटीएम कार्ड, सुती फडके आणि औषधाच्या दुकानातले स्पिरिट. मॅट नसेल तर जाड करडा पुठ्ठा घ्या. काचेवर कापले तर धार मिनिटांत जाते, आणि वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर पाते खोल रुतून वळण बिघडते.

पहिले काम: खणाची पुस्तकखूण

सरळ रेषांपासून सुरुवात करावी, आणि त्यासाठी खणाच्या कापडासारखी दुसरी चीज नाही. ब्लाउज शिवून उरलेला तुकडा बहुतेक घरांत असतोच. खण कापला की कडेचे धागे सुटतात, पण मागे गम शीट असली की सुटत नाहीत. त्यामुळे नवशिक्याचे पहिलेच काम नीटनेटके दिसते.

आधी मापाचा हिशोब. ए४ कागद २१ बाय २९.७ सेंटिमीटरचा असतो. पुस्तकखूण १५ सेंटिमीटर लांब ठेवली तर लांबीत एकच बसते, कारण दोन बसायला ३० सेंटिमीटर लागतात. पाचच मिलिमीटर कमी करून १४.५ सेंटिमीटर केली तर दोन बसतात. रुंदी ५ सेंटिमीटर धरली तर आडव्या चार. म्हणजे चाराच्या ठिकाणी आठ खुणा निघतात. गम शीट स्वस्त नसते, कुठल्याही कामाआधी हा हिशोब कागदावर मांडून बघा. आपण कार्ड १४.५ बाय ५ सेंटिमीटरचे आणि त्यावरचा खण १४ बाय ४.५ सेंटिमीटरचा ठेवू, म्हणजे भोवती अडीच मिलिमीटरची किनार दिसेल. या मापाचे खणाचे तुकडेही ए४मधून आठच निघतात.

१. खण उलट्या बाजूने इस्त्री करा. सुरकुती आत्ता राहिली तर कायमची राहील, कारण गम लागल्यावर इस्त्री फिरवता येत नाही.

२. गम शीटचा एक लायनर सोला. दोन लायनर सारखे दिसले तरी सारखे नसतात. एक मुद्दाम जास्त सहज सुटेल असा बनवलेला असतो. सोलताना गम फाटून दोन्हीकडे राहू लागला तर थांबा, दाबून परत बसवा आणि दुसरी बाजू सोलून बघा.

३. शीट टेबलावर चिकट बाजू वर करून ठेवा आणि खण वरून सोडा. अख्खा एकदम नको. एका कडेने सुरू करून तळव्याने पुढे सरकत जा. खणावरच्या नक्षीची ओळ शीटच्या कडेला समांतर आहे ना, हे पहिल्या दोन सेंटिमीटरमध्येच बघून घ्या.

४. एटीएम कार्डाच्या कडेने मधून बाहेर घासा. मग जाड पुस्तकांखाली रात्रभर ठेवा. गम कापडाच्या धाग्यांमध्ये हळूहळू शिरतो, त्याला हा वेळ द्यायलाच हवा. घाईने लगेच कापलेल्या खणाचे कोपरे उठलेले मी पुष्कळदा पाहिले आहेत.

५. दुसऱ्या दिवशी खणाची बाजू वर ठेवून कापा. मापे नक्षीवरून घ्या, शीटच्या कडेवरून नको, कारण हातमागाच्या कापडाची ओळ थोडी तिरकी असू शकते आणि डोळ्याला ती ओळच दिसते.

पट्टी धरण्याची एक सवय आत्ताच लावून घ्या: पट्टी नेहमी हव्या असलेल्या तुकड्यावर ठेवायची. पाते घसरले तर ते टाकाऊ भागात जाईल, तुमचा तुकडा वाचेल. उभे राहून कापा, पाते स्वतःकडे ओढा, आणि पट्टीवरची बोटे कडेपासून दोन सेंटिमीटर मागे असू द्या. पहिला फेर अगदी हलका, फक्त वाट आखण्यापुरता. दुसऱ्या फेरात कापड आणि गम, तिसऱ्यात खालचा लायनर. एकाच फेरात सगळे कापायला गेलात की पट्टी सरकते आणि पाते आत वळते. हलक्या हाताचे तीन फेर जोराच्या एका फेरापेक्षा सरळ जातात, आणि हात दुखत नाही.

चिकटवताना लायनर पूर्ण सोलू नका. एका टोकाचा सेंटिमीटरभर सोलून मागे दुमडा, तेवढीच चिकट पट्टी कार्डावर जुळवा, किनार दोन्हीकडे सारखी दिसली की दाबा, आणि मग खालून लायनर ओढत जा व वरून घासत जा. जुळवाजुळव एका सेंटिमीटरची असली की बाकीचे तेरा आपोआप जागेवर येतात. कार्ड तीनशे जीएसएमचे, म्हणजे चौरस मीटरला तीनशे ग्रॅम वजनाचे घ्या, त्याहून पातळ कार्ड खणाच्या ओढीने वाकते.

अक्षरे

आपल्या लिपीने या कामात आपल्याला जी मदत केली आहे ती रोमन लिपीत अक्षरे कापणाऱ्यांना मिळत नाही. त्यांची अक्षरे सुटी पडतात, प्रत्येक वेगळे जुळवावे लागते. देवनागरीत शिरोरेषा आहे. ‘स्वागत’ हा शब्द घ्या. जोडलेला स आणि व, काना, ग, त, सगळे एका शिरोरेषेला लटकलेले. अख्खा शब्द एका तुकड्यात निघतो आणि एका झटक्यात सरळ चिकटतो. ‘ग’चे दोन भाग एरवी वेगळे झाले असते, तेही शिरोरेषेमुळे एकत्र राहतात.

म्हणूनच अक्षरांची निवड आणि क्रम समजून घ्यायला हवा. ‘ध’, ‘भ’ आणि ‘थ’ यांत शिरोरेषा तुटते, तिथे शब्दाचे दोन तुकडे होऊ शकतात. चित्र काढतानाच तुटलेल्या जागेजवळ अक्षरे किंचित एकमेकांत सरकवून ठेवा, म्हणजे जोड राहील. अनुस्वार आणि विसर्ग मात्र सुटेच पडणार. पहिल्या पाटीसाठी ते नसलेला शब्द निवडलात तर बरे. उकार आणि मात्रा अक्षराला चिकटून असतात, पण त्यांचा जोड बारीक असतो, तो जाड करा. नवशिक्याने अक्षराची उंची पाच सेंटिमीटर, रेषेची जाडी निदान चार मिलिमीटर आणि शिरोरेषेची सहा ठेवावी. सुबक बारीक रेषेचा मोह पुढच्या कामांसाठी राहू दे.

कागदाच्या पाठीला गम शीट लावून झाली आहे असे धरू. आता चित्र कुठे काढायचे? समोरून काढले तर पेन्सिलीच्या खुणा राहतात. म्हणून पाठीमागच्या लायनरवर काढा, पण आरशात दिसते तसे उलटे. शब्द बटर पेपरवर गडद पेन्सिलीने लिहा, पेपर पालथा ठेवून बॉलपेनने गिरवा, उलटे अक्षर लायनरवर उमटेल. कॉम्प्युटरवर उलटा प्रिंट काढून तो मास्किंग टेपने लायनरवर पक्का केला आणि त्याच्यासकट कापले तरी चालते. कापण्याआधी कागद उजेडासमोर समोरच्या बाजूने धरून एकदा वाचा. ‘व’ची पोकळी आणि ‘ग’चे वळण योग्य बाजूला दिसले पाहिजे.

कापण्याचा क्रम असा:

आधी पोकळ्या. ‘व’च्या पोटातली जागा, ‘स’च्या गाठीतली जागा. हा भाग सगळ्यात बारीक असतो आणि तो कापताना भोवती भरपूर कागद हवा, म्हणजे तुकडा हलत नाही. मग अक्षरांमधल्या फटी आणि शिरोरेषेची खालची कड. त्यानंतर अक्षरांची बाहेरची वळणे. शिरोरेषेची वरची कड सर्वांत शेवटी, पट्टी ठेवून, एका सरळ ओढीत. तोपर्यंत तीच कड शब्दाला मूळ कागदात धरून ठेवते. ती आधी कापली तर लोंबणारी अक्षरे मॅटवर सरकत राहतात आणि प्रत्येक वळण अवघड होते.

वळण कापताना पाते जवळजवळ एका जागी ठेवायचे आणि दुसऱ्या हाताने कागद फिरवायचा. मनगट फिरवले की पाते तिरके होते, समोरून वळण सुबक दिसते पण मागून गमची कड बाहेर डोकावते. आतल्या कोपऱ्यात दोन्ही रेघा कोपऱ्यापासून सुरू करून बाहेर न्या. बाहेरून कोपऱ्याकडे आणल्या तर एक रेघ पुढे जाते आणि अक्षरात चीर पडते. पोकळी कापून झाल्यावर तुकडा बोटाने ढकलू नका. टाचणीने उचलून बघा. एखादा धागा अडला असेल तर तिथेच पात्याचे टोक पुन्हा टेकवा. ओढून काढलेला तुकडा कडेचे तंतू बरोबर नेतो.

शब्द उचलण्यासाठी रुंद मास्किंग टेप घ्या. तिची पकड जास्त असते, म्हणून आधी दोनतीनदा कपड्यावर लावून काढा. मग ती शब्दाच्या समोरच्या बाजूला लावा. अनुस्वाराचा ठिपका असेल तर तोही जागेवर ठेवूनच टेप लावा. शब्द पालथा करा, लायनर सोला, पाटीवर शिरोरेषा पेन्सिलीच्या फिकट रेघेशी जुळवा आणि घासा. टेप शेवटी अगदी हळू, स्वतःवर दुमडत काढा.

लायनरची कड नखाला लागत नसेल तर नख मारत बसू नका, कागद चुरगळतो. एका कोपऱ्यावर सेलोटेपचा तुकडा चिकटवून ओढा, लायनर त्याच्याबरोबर येतो. आणि नेहमी लायनर कामापासून सोलायचा. काम लायनरपासून ओढून काढले तर कागद गोल वळतो व पुन्हा सपाट होत नाही.

हाफ कट: रांगोळीचे कार्ड

छापखान्यात स्टिकर कापणारे दोन शब्द वापरतात: फुल कट म्हणजे आरपार, हाफ कट म्हणजे वरचा थर कापून खालचा शाबूत ठेवणे. हाफ कट हाताने जमला की गम शीटवर रांगोळी काढता येते, आणि हे काम मला सगळ्यात आवडते.

शीटची एक बाजू जाड कार्डावर चिकटवा. वरचा लायनर तसाच राहू द्या. त्यावर साधी नक्षी काढा, पाच पाकळ्यांचे फूल पुरे. आता फक्त लायनर कापायचा, गम आणि कार्ड नाही. हातात नवे पाते घ्या आणि जोर असा द्यायचाच नाही, पात्याच्या वजनाएवढाच. आधी टाकाऊ तुकड्यावर सराव करा: रेघ मारा, टाचणीने कोपरा उचला. लायनर स्वच्छ सुटला आणि खाली गमवर चीर दिसली नाही तर हात बरोबर बसला. सुटला नाही तर किंचित जोर वाढवा. सुटताना गम बरोबर आला तर जोर जास्त झाला.

मग एका वेळी एका रंगाच्या पाकळ्या उघडायच्या. रांगोळी चाळणीतून चाळून घ्या, उघड्या गमवर भरपूर सोडा, बोटाने गोल घासून दाबा आणि कार्ड आडवे धरून मागून टिचकी मारा. उरलेली रांगोळी कागदावर जमा करून परत डबीत टाकता येते. घासताना आळस केला तर दाण्यांमधल्या फटींत चिकटपणा शिल्लक राहतो आणि पुढचा रंग तिथे जाऊन बसतो. हीच रीत जरीची पूड आणि चमकीला चालते. रांगोळी आठनऊ वर्षांच्या मुलांनी खुशाल भरावी, हाफ कट मात्र मोठ्याने करून द्यावा. तयार कार्ड पारदर्शक शीटखाली ठेवा, उघडे टपालात टाकू नका.

फोमची शीट

महाराष्ट्रात २३ मार्च २०१८च्या अधिसूचनेने सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली आणि मखरात उठावाचे काम पुठ्ठ्यावर व कागदावर आले. तो उठाव फोमच्या गम शीटने देता येतो. ती कापताना नऊ मिलिमीटरच्या नाजूक पात्याऐवजी अठराचे रुंद पाते थोडे जास्त बाहेर काढून घ्या, सरळ उभे धरा आणि करवतीसारखे हलके मागेपुढे करा. वरून दाबले तर फोम चेपतो आणि कापलेली कड आत झुकते. आकारापेक्षा फोम तीनेक मिलिमीटर आत ठेवावा, म्हणजे समोरून दिसत नाही आणि सावली छान पडते. ‘आधी चिकटवा’ हा नियम इथे लागू नाही, फोम वेगळाच कापायचा.

पाते चिकटू लागले की

चारपाच रेघांनंतर पात्यावर गम साठतो आणि ते कागद ओढू लागते. फडक्यावर स्पिरिट घेऊन पात्याच्या पाठीकडून धारेकडे पुसा. खोबरेल तेलानेही गम निघतो, पण काम चालू असताना तेल नको. त्याचा अंश कडेला लागला तर तिथे गम धरत नाही. तेल दिवसाच्या शेवटी कात्रीसाठी ठेवा आणि नंतर ती कोरडी पुसा. बऱ्याच सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीन असते, त्याचा थर राहतो, तेही टाळा. स्पिरिट लवकर पेट घेते, जवळ निरांजन किंवा गॅस नको.

एप्रिल-मेमध्ये विदर्भ-मराठवाड्यात गम इतका मऊ पडतो की प्रत्येक रेघेला तंतू येतात. दोन्ही लायनर असलेली शीट प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून दहा-पंधरा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवा आणि काढल्या-काढल्या कापा. चिकटवण्यासाठी मात्र ती पुन्हा खोलीच्या तापमानाला येऊ द्या. थंड गम धरत नाही, आणि त्यावर दव जमले तर अजिबातच नाही. कोकणातल्या पावसाळ्यात उलटी अडचण येते: लायनर दमट हवा शोषतो आणि शीट वळते. शीटा नेहमी आडव्या, बंद पिशवीत, वर पाटी ठेवून साठवाव्यात. उभ्या ठेवू नयेत.

यंत्राने कापणाऱ्यांसाठी एवढेच: क्रिकट किंवा सिल्हूटसारख्या यंत्रावरही आधी कागदाला शीट लावा आणि छोट्या चौकोनाची चाचणी घ्या. लेझरवर द्यायचे असेल तर सनबोर्ड किंवा पीव्हीसीचा कुठलाही थर त्यात नसल्याची खात्री करा. पीव्हीसी जळताना निघणारा हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू माणसाला आणि यंत्राला दोघांनाही घातक आहे.

कशावर धरते, कशावर नाही

काच, स्टील, अ‍ॅक्रिलिक, चिनी माती, रंग दिलेले लाकूड यांवर गम उत्तम धरतो. आधी स्पिरिटने पुसून वाळू द्या. दुधाच्या पिशवीसारखे पॉलिथिन, डब्यांचे पॉलिप्रॉपिलीन आणि सिलिकॉन यांवर साधा गम टिकत नाही, कितीही दाबा. मातीच्या पणतीवर किंवा कच्च्या एमडीएफवर (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीवर) गम त्या वस्तूऐवजी धुळीला चिकटतो, म्हणून आधी रंगाचा एक हात द्यावा. आकाशकंदिलात एलईडीच वापरा, साध्या बल्बच्या उष्णतेने गम मऊ होऊन करंज्या खाली घसरतात.

आजी-आजोबांचे जुने फोटो, पत्रे, कुंडल्या यांना गम शीट लावू नका. ती काढताना फोटोचा थर निघून येतो, आणि साध्या गममुळे कागद पुढे डागाळू शकतो. रंगीत झेरॉक्स काढून ती वापरा, मूळ प्रत फोटो कॉर्नरमध्ये सुटी ठेवा.

सोललेले लायनर फेकून देऊ नका. अर्धवट वापरलेले, एक बाजू उघडी पडलेले तुकडे त्यांच्या गुळगुळीत बाजूवर परत लावून ठेवता येतात. दोन सेंटिमीटरपेक्षा मोठा प्रत्येक उरलेला तुकडा मी असाच ठेवते. आमंत्रणपत्रिकेवरचा एकेक मोती, कुंदन किंवा टिकली चिकटवायला साध्या पंच मशीनने त्यातून गोल ठिपके पाडता येतात. पंच अडकू लागला तर तुकडा दोन बटर पेपरांच्या मध्ये धरून पाडा आणि मधूनमधून त्याच पंचने अ‍ॅल्युमिनियम फॉइलच्या घडीला चारपाच भोके पाडा, धार सुधारते.